नाव अजून मोकळं नाही

११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

काल पहाटे लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. शुद्धीवर आल्या आल्या तुझ्या भाचीने काय विचारलं असेल, तर मामाला कळवलंस का. म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसूनच लिहितेय. पेन नर्सबाईंचं आहे, त्यांनी परत मागायच्या आत उरकायला हवं. फोनच केला असता, पण तुझा नियम मला पाठ आहे. लाइन अडवायची नाही, दोन वाक्यांत आटपायचं. आजचं बोलणं दोन वाक्यांत मावणारं नाही.

बाळ रंगाने जावयावर गेलंय, नाक मात्र आपल्या घराण्याचं. त्याला माझा इलाज नाही. जावईबापू कालपासून एकाच शर्टात फिरताहेत आणि त्याची बटणं एक घर चुकलेली आहेत. तुझ्यासारख्या शिंप्याने पाहिलं असतं तर तिथेच उसवून परत शिवलं असतं.

आता मुद्द्याचं. आधी पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागव. लेकीला बाळाचं नाव सई ठेवायचंय. जावयाला नाव छोटं आणि नव्या वळणाचं वाटतं. त्याला आपल्याकडची गोष्ट धड माहीत नाही. मी म्हटलं, मामाला विचारल्याशिवाय नाही.

आपल्या घरची रीत तुला मी सांगायची गरज नाही. जिवंत माणसाचं नाव आपण बाळाला देत नाही. माणूस गेलं की त्याचं नाव मोकळं होतं. आजी गेली, तिचं नाव मोकळं झालं, म्हणून तू ते तुझ्या मुलीला दिलंस. म्हणजे आज मी तुला खरोखर काय विचारतेय ते मला चांगलं कळतंय. पण अठरा वर्षं झाली, दादा.

तू नाही म्हणालास तर नाही. फक्त लवकर लिही.

सौ. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, या पत्राने तो आटू नये एवढंच मागणं.

तुझी,
चिमणी (आता वजनाने हत्तीण)


१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

भाचीला आणि बाळाला उदंड आयुष्य लाभो. बातमी वाचून दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. जावयाच्या बटणांचं वाचून खूप दिवसांनी हसलो.

नावाचं उत्तर, नाही. ते नाव मोकळं झालेलं नाही.

त्या संध्याकाळची लाँच खाडीत उलटली, हे मी कधी नाकारलं नाही. पण माझ्या मुलीबरोबर नर्सिंग शिकणारी मुलगी अजून सांगते की सई तिला धक्क्यावर दिसली होती, लाँचमध्ये चढताना नाही. जे सापडले त्यांत ती नव्हती. मग ती गेली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही ते नाव बाळाला दिलंत की सगळ्या नात्यागोत्यात एकच अर्थ लागेल, की बापाने मुलीचा विषय संपवला. ते काम माझ्याकडून होणार नाही आणि माझ्या वतीने तुम्हीही करायचं नाही.

तुला ते नाव आलं कुठून ते आठवतं ना? पणजीची एक जिवाभावाची मैत्रीण होती, ती ऐन तरुणपणी गेली. तिचं नाव घेतलं की पणजीला रडू फुटायचं, म्हणून तिने लेकीला नावच दिलं नाही, नुसतं मैत्रीण म्हणून हाक मारायला लागली. जुन्या बोलीत मैत्रीण म्हणजे सई. तीच आपली आजी. माझ्या मुलीच्या वेळी हे नाव कुणीच ठेवत नव्हतं. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी 'ता'वर संपायच्या. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की हे पूर्ण नाव आहे की अर्धं. घरी येऊन तिने तोंड फुगवलं आणि मला दुसरं नाव शिवून द्या म्हणून हट्ट धरला. तिला वाटायचं, गणवेशावर बाबा जे शिवतात तेच आपलं नाव ठरतं.

आता बघ. शाळा उघडायच्या आधी माझ्याकडे गणवेशांचे गठ्ठे येतात. लाँच बुडाली त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांत एकही सई नसायची. रस्त्यात कुणी ते नाव घेतलं, तर कात्री टाकून मी बाहेर धावायचो, कारण दुसरी कोण असणार? गेल्या चार-पाच वर्षांत फॅशन आली. आता एकेका गठ्ठ्यात सई निघतात. मैदानावर, जिन्यात, बसथांब्यावर कुणी ना कुणी आई सईला हाक मारत असते आणि माझी मान दर वेळी वळते. रस्त्याचं मी काही करू शकत नाही. पण निदान आपल्या घरात तरी ते नाव तिच्यासाठी राखून ठेवा.

तुझ्या वहिनीला मी तुझं पत्र दाखवलेलं नाही. ती आजही सईच्या पलंगाची चादर दर रविवारी बदलते. तिच्या कानावर हे गेलं तर काय होईल, त्याचा विचार कर.

रागाने लिहिलेलं नाही. माया होती तेवढीच आहे, तूही तेवढीच ठेव.

तुझा,
दादा


२ मार्च

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू म्हणालास तसंच केलं. बाळाचं नाव मृण्मयी ठेवलं. लेक थोडी हिरमुसली, पण समजली. आता हा विषय बंद. बाळ रात्री जागवतं आणि दिवसा मजेत झोपतं. अगदी तुझ्यासारखं आडमुठं आहे.

तू काळजी करू नकोस. माया राहू दे.

तुझी,
चिमणी


३ मार्च

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पत्र पाहून दचकू नका. घरी पाठवलं असतं तर दादाच्या हाती पडलं असतं, आणि काल मी दादाला आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं लिहिलंय.

आमच्या बाळाचं नाव सई आहे. लेकीला हवं होतं म्हणून मी दादाला विचारलं, त्याने साफ नाही लिहिलं. मी लेकीला पत्र वाचून दाखवलं. ती नुसती बाळाला छातीशी धरून रडत राहिली. मग म्हणाली की फॅशनचं कारण तिने जावयासाठी काढलं होतं. ती दहा वर्षांची असताना सईताईने तिला सायकल शिकवली, आपला पहिला पगार झाला की तुला नवी घेऊन देईन म्हणाली, आणि त्याच महिन्यात लाँच उलटली. तेव्हापासून तिने ठरवलंय, मुलगी झाली तर सई. वहिनी, ओल्या बाळंतिणीच्या डोळ्यांतून असं पाणी आलं की आईच्या जिवाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी हो म्हणून बसले.

मृण्मयी हे नाव कुठून आणलं विचाराल, तर दाताच्या दवाखान्यात मी पेशंटना हाका मारायला बसते, तिथे त्या दिवशी एक मृण्मयी दाढ धरून बसली होती. तेवढंच सुचलं.

आता इकडे आड तिकडे विहीर. दादाला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही. आणि तुमच्यापासूनही लपवायचं तर मला अन्न गोड लागेना. तुम्हालाही हे नाव दिलेलं सोसवणार नसेल तर सांगा. मी लेकीची समजूत घालीन, कसंही करून.

पदरात घ्या, एवढंच मागते.

तुमची,
चिमणी


१२ मार्च

प्रिय वन्सं,
नमस्कार.

पुस्तकं देता-घेता काउंटरवरच तुमचं पत्र वाचलं. एक सभासद बराच वेळ समोर ताटकळत उभे होते. मला दिसतच नव्हते.

बाळाचं नाव बदलू नका. मला सोसेल का विचारलंत म्हणून जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. माझी मुलगी गेली, वन्सं. हे मला पहिल्या वर्षीच कळलं. ती कुठेही जिवंत असती तर मला चार ओळी लिहिल्याशिवाय राहिली नसती. गावाला गेली तरी पोचल्याचं कार्ड टाकणारी पोर ती. मी केव्हाच वाट बघायची सोडली.

मग चादर का बदलते? यांच्यासाठी. हे रात्री दाराला कडी लावत नाहीत, नुसतं लोटून ठेवतात. फोन वाजला की ताटावरून उठतात. मी एका रविवारी चादर बदलायची विसरले असते तर यांना कळलं असतं की मी आशा सोडली, आणि त्या दिवशी हे खचले असते. एका माणसाने एकट्याने वाट बघणं फार कठीण असतं. म्हणून मी सोबत करते.

अठरा वर्षं आमच्या घरात तिचं नाव मोठ्याने उच्चारलं गेलेलं नाही. हे मनात ठेवतात, मी ओठात. तुमच्या घरी ते नाव दिवसभर घेतलं जातं, त्याने पोरीला उठवतात, रागावतात, भरवतात, हे वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खूप हाका मारा तिला. मला ऐकू येणार नाहीत, तरी मारा.

पण यांना यातलं काही कळता कामा नये. नावाचंही नाही आणि माझंही नाही. तुम्हाला माझी शपथ आहे.

बाळाला माझा पापा. ऋणानुबंध असाच राहो.

तुमची,
वहिनी


६ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मृण्मयीसाठी पाठवलेले फ्रॉक अंगाला बसले का ते तू लिहिलंच नाहीस. इतकं जोडाक्षरांचं नाव ठेवताना माझ्या मशीनचा तरी विचार करायचा होतास. प्रत्येक फ्रॉकवर ते नाव काढताना सुई रडकुंडीला येते. तरी रेशमी दोऱ्याने काढलंय, धुण्यात जाणार नाही.

एक आनंदाची बातमी. तुमच्या शहरात एक कारखाना बंद पडतोय, त्याची भरतकामाची मशिनं विकायला आहेत. ती बघायला मी पुढच्या आठवड्यात येतोय. चार दिवस तुझ्याकडेच राहीन. मशीन हे निमित्त समज. पोरगी वर्षाची होईल आणि मी तिला अजून पाहिलेलं नाही, याची मलाच लाज वाटायला लागली आहे. घरी फोनपाशी वहिनी थांबेल.

येतोच आहे, तेव्हा बाकी समक्ष.

तुझा,
दादा


९ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा येतोय. तुम्ही त्याला थांबवू शकत असाल तर थांबवा, आमची पाचावर धारण बसली आहे.

परवापासून घरात तालीम चाललीय. सगळ्यांनी पोरीला मृण्मयी म्हणायचं. जावई म्हणतात मृण्मयी, आणि पोरगी मागे वळून दुसरं कोण आलं ते बघते. तिला स्वतःचं नाव आता पक्कं कळतं. सई म्हटलं की हातातलं टाकून येते, नुकती चालायला लागली आहे म्हणून पडत धडपडत, पण येतेच. मृण्मयी म्हटलं की ढिम्म हलत नाही. लेक तर म्हणाली की ती नाटक करणार नाही, स्वतःच्या पोरीला परक्या नावाने हाक मारणार नाही. मी तिच्यापुढे हात जोडले तेव्हा कुठे बाळ म्हणेन एवढ्यावर आली.

दादाने पाठवलेले फ्रॉक आम्ही कधी बाहेर घालत नाही, शेजारीपाजारी विचारतात की हे नाव कुणाचं. आता मात्र तेच घालायचे. त्याने रात्री जागून काढलेलं ते खोटं नाव पोरीच्या छातीवर बघितलं की मला भडभडून येतं.

वहिनी, माझ्या घरात, माझ्या तोंडून भावाची आशा मोडली तर मी जगायचं कसं? काहीतरी सुचवा.

तुमची,
चिमणी


१२ जानेवारी

प्रिय वन्सं,
नमस्कार.

यांना थांबवणं माझ्या हातात नाही. बॅग तीन दिवसांपासून भरलेली आहे. बाळासाठी स्वेटर घेतला, टोपी घेतली, दुकानात गाणं गुणगुणतात म्हणे. इतक्या वर्षांत यांना असं पाहिलं नाही.

शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. पोरीला शक्यतो कडेवर ठेवा, म्हणजे हाक मारायची वेळच येणार नाही. आणि तुम्ही स्वतः कमी बोला, तुमचा चेहरा सगळं सांगतो. यांना सांभाळा. मी इथे फोनपाशी बसून तुमच्यासाठी जीव मुठीत धरते.

तुमची,
वहिनी


१९ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा आज सकाळी निघाला. सुटलो एकदाचे! त्याला काडीचा संशय आला नाही.

पहिले दोन दिवस मी श्वास रोखून होते. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात असताना वरच्या मजल्यावरच्या बाई दुधाचं पातेलं मागायला आल्या. त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. पण लेक म्हणाली, ती न्हाणीघरात होती, दादा पुढच्या खोलीत होता, आणि बाहेर आली तेव्हा दादा पोरीला मांडीवर घेऊन नुसता बसला होता. त्या दिवसापासून तो थोडा गप्प झाला, पण मला वाटतं प्रवासाचा शीण असेल. मशीन काही घेतलं नाही त्याने. बघायलाही गेला नाही.

जाताना पोरीला त्याच्या हातून काढून घ्यावं लागलं. आता निवांत झोपा.

तुमची,
चिमणी


२३ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या हातचं चार दिवस खाऊन पँटच्या कमरेला वाव काढावा लागला.

आता मी लिहितो ते शांतपणे वाच. मी रागावलेलो नाही, हे आधी सांगून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू कामावर होतीस. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो, पोरगी जमिनीवर डबे वाजवत होती. जिन्यातून एका बाईने हाक मारली, सई. माझं तुला माहीत आहे. पेपर टाकून उठलो. मन नाही उठत आता, पाय उठतात. दाराकडे वळलो तर माझ्या आधी कुणीतरी निघालं होतं. तुझी नात डबे सोडून दाराकडे चालली होती, दोनदा आपटली, परत उठली, दारापाशी पोचली आणि त्या बाईकडे बघून हसली.

चिमणे, अठरा वर्षं ते नाव माझ्या कानावर पडलं आणि दर वेळी मी उठून गेलो. कधी कुणी आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्या हाकेला कुणीतरी आलं. मी पोरीला उचललं आणि मला जे रडू आलं ते तुझी लेक न्हाणीघरातून बाहेर यायच्या आत आवरलं. पुढचे दिवस तुम्ही सगळे मृण्मयी मृण्मयी करत घामाघूम होत होतात. मला हसूही येत होतं आणि तुमची दयाही येत होती. बोलायला गेलो असतो तर सगळंच बोलून गेलो असतो, म्हणून गप्प राहिलो.

ते सगळं आता लिहितो. ती येणार नाही. हे मला नव्याने कळलेलं नाही. किती वर्षं झाली कळून, ते आठवतही नाही. ती माझी मुलगी होती, जिवंत असती तर घरी आली असती, एवढं साधं आहे. मग तुला नकार का लिहिला? तुझ्या वहिनीसाठी. ती दर रविवारी चादर बदलते, चिमणे. उशी झटकते. तिच्या समोर मी नाव मोकळं झालं म्हणून कसं सांगू? म्हणून मी कडी लावत नाही, फोन वाजला की धावतो. मी धावलो नाही तर तिला कळेल की मी आशा सोडली, आणि मग ती एकटी पडेल.

माझ्यापुरतं नाव मोकळं आहे. पोरीला तिच्या नावाने हाक मारा, चोरून नको. फक्त वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. ती अजून वाट बघते आहे. तुला माझी शपथ.

सईला माझे आशीर्वाद. हे वाक्य लिहून किती वर्षं झाली होती.

तुझा,
दादा


२८ जानेवारी

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी,
दोघांस चिमणीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवतेय आणि पाकिटावर दोघांची नावं घातली आहेत. जो आधी उघडेल त्याने दुसऱ्याला बोलावून घ्यावं, तोवर पुढे वाचू नये.

तुम्ही दोघांनी मला एकमेकांच्या चोरून शपथ घातलीत. वहिनींनी गेल्या मार्चमध्ये, दादाने या आठवड्यात. एक खोटं बोलून वर्षभर माझी झोप उडाली होती, आता तुमची दोन सांभाळायची माझ्यात ताकद नाही. मी दोन्ही शपथा मोडतेय. त्याचं जे पाप लागेल ते मला लागू दे.

सोबत दोन पत्रं आहेत. दादा, वहिनींनी मला लिहिलेलं तू वाच. वहिनी, दादाचं तुम्ही वाचा. काल रात्री मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली. कुणाचं कुठलं ते क्षणभर मलाच कळेना. मला काय बोल लावायचे ते नंतर लावा, मी ऐकून घेईन.

आज दुकान उघडू नका आणि वाचनालयालाही कळवून टाका. दोघं शेजारी बसा आणि तुमच्या सईसाठी रडा. इतकी वर्षं एकमेकांना सांभाळता सांभाळता तेवढंच राहून गेलंय.

तुमची दोघांची,
चिमणी